दुहेरीतल्या निवृत्त टेनिसपटूची कारकीर्द कशी मांडावी

दुहेरीत सामना दोघं जिंकतात, पण विजेतेपदं, क्रमवारीचे गुण आणि बक्षिसाची रक्कम प्रत्येकाच्या नावावर वेगवेगळी चढते. त्यामुळे निवृत्त खेळाडूबद्दल लिहायला बसलं की हाती लागते ती एक गोळाबेरीज: इतकी विजेतेपदं, इतके आठवडे अव्वल. ती चुकीची नसते, पण तिच्यातून खेळाडू दिसत नाही. तो दिसायला हवा असेल, तर प्रत्येक आकडा जोडीदारानुसार फोडावा लागतो. पुढची पद्धत लेखाला, विश्वकोशातल्या नोंदीला, गौरवाच्या भाषणाला, कशालाही चालते.

तक्ता आधी, लेखन नंतर

स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत एक स्पर्धा घ्या. रकाने असे: वर्ष, स्पर्धा, दर्जा, कोर्टचा प्रकार, जोडीदार, सीडिंग (मानांकन), गाठलेली फेरी, जिंकलेले सामने, शेवटच्या सामन्यातली प्रतिस्पर्धी जोडी, स्कोअर आणि शेरा. पुरुष खेळाडूची माहिती एटीपी या पुरुषांच्या दौऱ्याच्या संघटनेच्या आणि महिला खेळाडूची डब्ल्यूटीए या महिलांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर मिळते. खेळाडूच्या पानावर एकेरी आणि दुहेरी यांचे निकाल वेगळे असतात. घाईत एकेरीचेच निकाल उतरवून घेतले जातात, तेव्हा तेवढं बघून घ्या. डेव्हिस करंडक (पुरुष) आणि बिली जीन किंग करंडक (महिला) या देशादेशांतल्या सांघिक स्पर्धांच्या लढती आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाकडे, तर मिश्र दुहेरीचे ड्रॉ (कोण कुणाशी खेळणार याचे तक्ते) ग्रँडस्लॅम स्पर्धांच्या स्वतःच्या जुन्या नोंदींत सापडतात.

दर्जाच्या रकान्यात सर्वांत जास्त चुका होतात. चॅलेंजर या दुय्यम दर्जाच्या आणि त्याखालच्या फ्युचर्स स्पर्धांची विजेतेपदं मुख्य दौऱ्याच्या संख्येत धरत नाहीत. एटीपीचा दौरा आजच्या स्वरूपात १९९० मध्ये सुरू झाला. त्याआधी ग्रां प्री आणि डब्ल्यूसीटी (वर्ल्ड चॅम्पियनशिप टेनिस) अशा मालिका होत्या, आणि नंतरही मोठ्या स्पर्धांच्या गटाची नावं बदलत गेली: आधी सुपर नाइन, मग मास्टर्स सिरीज, आता मास्टर्स १०००. त्या वेळचं नाव तसंच लिहा आणि शेजारच्या रकान्यात आजचा समकक्ष दर्जा टाका. जुन्या स्पर्धेला आजचं नाव चिकटवलं की जाणकार वाचक तिथेच थांबतो.

शेऱ्याच्या रकान्यात ‘पुढे चाल’ आणि ‘दुखापतीमुळे माघार’ यांत फरक ठेवा. प्रतिस्पर्धी कोर्टवर उतरलेच नाहीत, तर पुढची फेरी मिळते, पण जय-पराजयाच्या हिशेबात तो सामना येत नाही. सामना सुरू झाल्यावर कुणी सोडला तर तो विजय म्हणून धरला जातो. तक्ता तपासायला हे उपयोगी पडतं. ६४ जोड्यांच्या ड्रॉमध्ये विजेतेपदासाठी सहा सामने लागतात, ३२ मध्ये पाच, १६ मध्ये चार. पहिल्या फेरीत बाय (न खेळता थेट दुसऱ्या फेरीत प्रवेश) असेल तर एक कमी. विजेतेपदाच्या ओळीत सामने यापेक्षा कमी दिसले तर कुठेतरी पुढे चाल मिळाली आहे, किंवा उतरवताना एक फेरी गळली आहे.

मिश्र दुहेरी वेगळ्या पानावर

लिएंडर पेसची १८ ग्रँडस्लॅम विजेतेपदं म्हणजे पुरुष दुहेरीची ८ आणि मिश्र दुहेरीची १०. सानिया मिर्झाची ६ म्हणजे महिला दुहेरीची ३ आणि मिश्रची ३. मार्टिना नवरातिलोवाच्या ५९ मध्ये एकेरीची १८, महिला दुहेरीची ३१ आणि मिश्रची १०, आणि त्यातलं शेवटचं २००६ च्या अमेरिकन ओपनमध्ये बॉब ब्रायनच्या साथीनं मिळालेलं. बेरीज सांगायला हरकत नाही, पण ती सांगताना फोड त्याच वाक्यात हवी.

मिश्र दुहेरीला क्रमवारीचे गुण नसतात. ग्रँडस्लॅममधला तिचा ड्रॉ सहसा ३२ जोड्यांचा, म्हणजे पाच विजयांचा. २०२५ मध्ये अमेरिकन ओपननं तो १६ जोड्यांवर आणला, मुख्य एकेरीच्या आधीच्या आठवड्यात खेळवला आणि अंतिम सामना सोडून सेट चार गेमचे केले. तेव्हा वेगवेगळ्या काळातली मिश्र विजेतेपदं एकाच तराजूत घालू नयेत. दौऱ्यावरच्या विजेतेपदांत तर ती मिळवूच नयेत: सानियाची डब्ल्यूटीए दुहेरीची ४३ विजेतेपदं ही मिश्र वगळून आहेत.

जोडीदारांची वही

खरा ऐवज इथे आहे, म्हणून सर्वांत जास्त वेळ यालाच द्या. तक्ता जोडीदाराच्या रकान्यावरून लावून घ्या आणि प्रत्येक जोडीदारासाठी पाच गोष्टी काढा: पहिली आणि शेवटची स्पर्धा, एकत्र खेळलेल्या स्पर्धांची संख्या, जय-पराजय, अंतिम फेऱ्या, विजेतेपदं.

कॅनडाच्या डॅनियल नेस्टरचं उदाहरण घ्या. पुरुष दुहेरीची ८ ग्रँडस्लॅम. त्यातली ३ मार्क नोल्ससोबत (ऑस्ट्रेलियन ओपन २००२, अमेरिकन ओपन २००४, फ्रेंच ओपन २००७), ३ नेनाद झिमोनजिचसोबत (विम्बल्डन २००८ आणि २००९, फ्रेंच ओपन २०१०) आणि २ मॅक्स मिर्नीसोबत (फ्रेंच ओपन २०११ आणि २०१२). सिडनी ऑलिंपिकचं २००० सालचं सुवर्ण आलं ते सेबास्टियन लारोसोबत. जोडीदार बदलत गेले आणि विजेतेपदं येत राहिली, म्हणजे ज्याच्याबरोबर उभा राहील त्याच्याशी जुळवून घेणारा हा खेळाडू. नुसत्या ९१ विजेतेपदांच्या आकड्यातून हे कळत नाही.

आता ऑस्ट्रेलियाचा टॉड वुडब्रिज. १६ पैकी ११ ग्रँडस्लॅम मार्क वुडफोर्डसोबत आणि ५ योनास ब्योर्कमनसोबत. वुडफोर्ड थांबला तेव्हा वुडब्रिजची कारकीर्द संपली असं समजणं सोपं होतं, पण त्यानं २००२ ते २००४ अशी सलग तीन विम्बल्डन ब्योर्कमनसोबत जिंकली. उलट बाजूनं वुडफोर्डची १२ विजेतेपदं पाहा: ११ वुडब्रिजसोबत आणि एक त्याच्या कितीतरी आधी, १९८९ च्या अमेरिकन ओपनमध्ये जॉन मॅकेन्रोसोबत. एकाच जोडीतल्या दोघांच्या वह्या अशा वेगळ्या निघतात. म्हणून जोडीचा आकडा एकट्याच्या नावावर लिहू नये. अमेरिकेच्या माइक आणि बॉब या जुळ्या ब्रायन बंधूंच्या बाबतीत ही चूक सतत होते. जोडी म्हणून त्यांची विजेतेपदं ११९. माइकची मात्र १२४, कारण पाच त्यानं इतरांबरोबर मिळवली. त्यातली तीन २०१८ मध्ये जॅक सॉकसोबतची: विम्बल्डन, अमेरिकन ओपन आणि वर्षअखेरची एटीपी फायनल्स. त्या काळात बॉब नितंबाच्या दुखापतीमुळे आणि शस्त्रक्रियेमुळे बाहेर होता. ग्रँडस्लॅमचंही तसंच: जोडीची १६, माइकची १८.

पेसची वही सर्वांत जाड. शंभराहून अधिक जोडीदार. अशा वेळी प्रत्येकाला परिच्छेद देऊ नका; ग्रँडस्लॅमची फोड द्या आणि बाकीचे ‘इतर’ या ओळीत ठेवा. फोड अशी: महेश भूपतीसोबत ३ (१९९९ चं फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन, २००१ चं फ्रेंच ओपन), मार्टिन डॅमसोबत १ (अमेरिकन ओपन २००६), लुकास द्लौहीसोबत २ (२००९ चं फ्रेंच आणि अमेरिकन ओपन), राडेक स्टेपानेकसोबत २ (ऑस्ट्रेलियन ओपन २०१२, अमेरिकन ओपन २०१३). बेरीज ८ येते. बेरीज जुळेपर्यंत पुढे जायचं नाही, हा नियम कडक पाळा. उपविजेतेपदंही याच वहीत हवीत: १९९९ मध्ये पेस-भूपती चारही ग्रँडस्लॅमच्या अंतिम फेरीत पोचले होते, आणि हरलेल्या दोन अंतिम फेऱ्या वगळल्या तर त्या वर्षाचं मोल निम्म्यानं कमी दिसतं.

जोडी का फुटली? इथे लिहिणारे भांडणाकडे धावतात. ते कारण लिहिण्याआधी क्रमवारीची बेरीज करून पाहा. स्पर्धेत प्रवेश मिळतो तो दोघांच्या क्रमवारीच्या बेरजेवर. एक २५ वा आणि दुसरा ३० वा असेल तर बेरीज ५५. दुसरा घसरून ९० वर गेला की बेरीज ११५ होते आणि मोठ्या स्पर्धांच्या छोट्या ड्रॉचं दार बंद होतं. मग पहिल्याला जोडीदार बदलावाच लागतो, मैत्री कितीही असो. उलट, एकेरीत वर असलेला खेळाडू प्रवेशासाठी एकेरीची क्रमवारी वापरू शकतो. त्यामुळे दुहेरी फारशी न खेळणारा एखादा मोठा एकेरीपटू अचानक जोडीदार म्हणून दिसतो. दीर्घ दुखापतीनंतर संरक्षित क्रमवारीवर (दुखापतीआधीचा क्रमांक प्रवेशासाठी वापरून) परतलेला जोडीदारही असाच मध्येच उगवतो. हे सगळं शेऱ्यात नोंदवा.

बाजू आणि सर्व्हिस: व्हिडिओतून काय टिपायचं

तक्त्यात नसलेली आणि म्हणून बहुतेक लेखांत नसलेली माहिती म्हणजे खेळाडू कोणत्या बाजूनं परतीचा फटका मारायचा. उजवी बाजू म्हणजे ड्यूस कोर्ट, डावी म्हणजे ॲड कोर्ट. नियमानुसार परतीची बाजू एका सेटमध्ये बदलता येत नाही. म्हणून पूर्ण सामना बघायची गरज नाही. प्रत्येक सेटमधल्या पहिल्या रिटर्न गेमचे पहिले दोन गुण बघितले की पुरे. मुख्य जोडीदारांपैकी प्रत्येकासोबतचे तीन-चार सामने, तेही वेगवेगळ्या वर्षांचे, निवडा. जोडीदार बदलल्यावर बाजूही बदलली असेल तर ती कारकिर्दीतली मोठी घटना समजा, कारण परतीच्या फटक्यांचे कोन, मधल्या चेंडूवरचा हक्क, सगळंच बदलतं.

सर्व्हिसचा क्रमही सेटपुरता ठरलेला असतो. नव्या सेटला जोडी तो बदलू शकते. चौघं आळीपाळीनं सर्व्हिस करतात, म्हणून ६-४ अशा सेटमध्ये पहिल्या दोघांच्या वाट्याला तीन-तीन गेम येतात आणि उरलेल्यांच्या वाट्याला दोन-दोन. जोडी पहिल्यांदा कुणाला पाठवते ते टिपा: सहसा ज्याची सर्व्हिस जास्त भरवशाची तो. पण याला एक अपवाद आहे आणि तो गमतीचा आहे. बाजू पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या अशा विषम गेमनंतर बदलतात. त्याचा परिणाम असा की एका सेटमध्ये प्रत्येक खेळाडू दर वेळी कोर्टच्या एकाच टोकाकडून सर्व्हिस करतो. पहिल्या, पाचव्या, नवव्या गेमची सर्व्हिस करणारा नेहमी एका टोकाला, तिसऱ्या आणि सातव्याची करणारा नेहमी समोरच्या. म्हणून एक उजवा आणि एक डावखुरा असलेली जोडी असं टोक निवडू शकते की चेंडू वर फेकताना दोघांच्याही डोळ्यांत ऊन येणार नाही. उघड्या कोर्टवर ‘कमजोर’ सर्व्हिसवाला आधी सर्व्हिस करताना दिसला तर आधी सूर्य कुठे होता ते बघा. निष्कर्ष नंतर.

नेटजवळचा खेळ मोजायचा असेल तर एकच गोष्ट मोजा: जोडीदार सर्व्हिस करत असताना हा किती वेळा मध्ये झेपावून चेंडू अडवतो, आणि त्यातले किती गुण जिंकतो. तीन सेटच्या सामन्यात एवढी मोजणी सहज होते. विजयी फटके मोजत बसू नका. दुहेरीत विजयी फटका ज्याच्या रॅकेटमधून निघतो त्याची सोय बहुतेक वेळा दुसऱ्यानं आधीच्या फटक्यात केलेली असते.

नियम बदलले की आकडेही बदलतात

२००६ पासून एटीपी दौऱ्यावर दुहेरीत दोन मोठे बदल कायम झाले. ४०-४० झाल्यावर ॲडव्हांटेज नाही, एकच निर्णायक गुण. आणि सेट १-१ झाल्यास तिसऱ्या सेटऐवजी १० गुणांचा टायब्रेकर. महिलांच्या दौऱ्यावरही पुढे हीच पद्धत आली. त्यामुळे २००६ आधीचा ‘तीन सेटचा विजय’ आणि नंतरचा यांची तुलना करताना रेघ ओढावी लागते. शेवटच्या टायब्रेकरची नोंद कुठे १०-८ अशी, तर कुठे १-० अशी मिळते. दोन्ही प्रकार एकाच तक्त्यात मिसळले की जिंकलेल्या गेमची बेरीज बिघडते. पहिल्या प्रकारात तर ती भलतीच फुगते. आपण एकच पद्धत ठरवा आणि सगळ्या ओळी त्याप्रमाणे दुरुस्त करा.

निर्णायक गुणाच्या वेळी सर्व्हिस कोणत्या बाजूला यावी हे परतीची जोडी ठरवते. म्हणजे दडपणाच्या क्षणी कोण फटका मारणार, हे जोडी स्वतः सांगते. एखाद्या खेळाडूला सामन्यामागून सामन्यात हा गुण दिला जात असेल, तर त्याच्या रिटर्नबद्दल यापेक्षा भक्कम पुरावा मिळायचा नाही.

विम्बल्डनची पुरुष दुहेरी २०२२ पर्यंत पाच सेटची होती, २०२३ पासून तीनची झाली. जुन्या विजेत्यांनी कोर्टवर घालवलेले तास मोजताना हे विसरू नका.

क्रमवारीतही एक सापळा आहे. २००९ मध्ये एटीपीनं गुणांची पट्टी वाढवली: ग्रँडस्लॅम विजेत्याला आधी १००० गुण मिळत, आता २०००. दुहेरीत आज उपविजेत्याला १२००, उपांत्य फेरीत हरणाऱ्याला ७२०, उपांत्यपूर्व फेरीत ३६०. त्यामुळे २००५ चे गुण आणि २०१५ चे गुण शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही. क्रमांक आणि आठवडे यांचीच तुलना करा. एटीपीची दुहेरीची क्रमवारी १ मार्च १९७६ पासून आहे, तर डब्ल्यूटीएची सप्टेंबर १९८४ पासून. त्याआधीच्या खेळाडूला ‘जगात अव्वल’ म्हणायचं तर कुणाच्या मते, तेही लिहावं लागेल.

क्रमवारी व्यक्तीची असते, जोडीची नव्हे. एकत्रच खेळणाऱ्यांतही फरक पडतो: माइक ब्रायन ५०६ आठवडे अव्वल राहिला, बॉब ४३९. ‘सर्वोच्च क्रमांक’ आणि ‘त्या क्रमांकावरचे आठवडे’ दोन्ही द्या. रोहन बोपण्णा २९ जानेवारी २०२४ रोजी वयाच्या ४३ व्या वर्षी प्रथमच अव्वल झाला. अशा ठिकाणी आठवड्यांपेक्षा वय बोलकं ठरतं.

देशासाठी खेळलेले सामने

डेव्हिस करंडकाचा हिशेब दौऱ्यात मिसळायचा नाही. तिथे खेळाडूची व्यक्तिगत संख्या आणि जोडीची संख्या या दोन वेगळ्या नोंदी आहेत. व्यक्ती म्हणून दुहेरीत सर्वाधिक ४५ विजय पेसचे. त्याआधीचा विक्रम इटलीच्या निकोला पिएत्रांजेलीचा, ४२ विजयांचा. जोडी म्हणून सर्वाधिक ३४ विजय पिएत्रांजेली आणि ओर्लांडो सिरोला यांचे. पेस-भूपती यांनी सलग २४ लढती जिंकल्या, तो विक्रम आणखी वेगळा. तिन्ही वाक्यं एकमेकांत गुंतली की हमखास चूक होते.

पारंपरिक रचनेत पाच लढतींतली दुहेरी ही मधली, दुसऱ्या दिवशीची लढत असे. म्हणून ‘१-१ असताना’ किंवा ‘०-२ असताना’ जिंकली, हे लिहिलं तर विजयाला संदर्भ मिळतो. २०१९ पासून अंतिम टप्प्यात दोन एकेरी आणि एक दुहेरी असं स्वरूप आलं. तिथे १-१ झाल्यावर दुहेरीच निर्णायक ठरते.

ऑलिंपिकमध्ये पदकाइतकंच हुकलेलं पदकही नोंदवा. २००४ च्या अथेन्समध्ये पेस-भूपती कांस्यपदकाची लढत तिसऱ्या सेटमध्ये १६-१४ अशी हरले. चौथा क्रमांक पदकांच्या तक्त्यात शून्यच दिसतो.

एकेरी, पैसा

एकेरीची नोंद दोन ओळींत, पण असावी. पेस एकेरीत ७३ व्या क्रमांकापर्यंत पोचला, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्यानं एकेरीचं कांस्य मिळवलं आणि १९९८ मध्ये पीट सँप्रासला हरवलं. सानिया एकेरीत २७ व्या क्रमांकावर होती. ‘एकेरीत जमलं नाही म्हणून दुहेरीकडे वळला’ हे वाक्य तारखा तपासल्याशिवाय लिहू नका.

कारकिर्दीतल्या बक्षिसाचा अधिकृत आकडा एकेरी आणि दुहेरी मिळून असतो. स्पर्धेची दुहेरीची रक्कम बहुधा जोडीची जाहीर होते. एकाच्या वाट्याला निम्मी. प्रवास, प्रशिक्षक आणि कर त्यातून वजा व्हायचे असतात, म्हणून त्याला ‘कमाई’ न म्हणता ‘बक्षिसाची रक्कम’ म्हणा.

निवृत्तीची तारीख कोणती?

तारखा तीन असतात: शेवटचा सामना, निवृत्तीची घोषणा आणि क्रमवारीतून नाव गेल्याचा आठवडा. ब्रायन बंधूंचं शेवटचं दौऱ्यावरचं विजेतेपद फेब्रुवारी २०२० मध्ये डेलरे बीचला. मार्चमध्ये ते डेव्हिस करंडकात उझबेकिस्तानविरुद्ध खेळले. घोषणा मात्र ऑगस्टमध्ये. यातली कोणतीही तारीख लिहा, पण ती कशाची आहे ते सांगा. गुण एरवी ५२ आठवडे टिकतात, त्यामुळे खेळणं थांबवल्यावरही नाव काही महिने यादीत राहतं. कोविडमुळे मार्च ते ऑगस्ट २०२० क्रमवारी गोठवलेली होती आणि नंतरही जुने गुण जास्त काळ धरले गेले, म्हणून त्या सुमारास थांबलेल्यांच्या शेवटच्या क्रमांकावरून काहीच अनुमान काढू नये.

लिहिताना

पहिल्या परिच्छेदात चार गोष्टी: देश, कोणत्या हातानं खेळतो, मुख्य जोडीदार आणि सर्वांत मोठं यश, जोडीदाराच्या नावासकट. त्यानंतर वर्षावर नव्हे, जोडीवर परिच्छेद पाडा. प्रत्येक परिच्छेदात जोडी कशी जमली, कोण कोणत्या बाजूला, सर्वोत्तम निकाल आणि शेवट. सलग विजयांची मालिका असेल तर ती कुठे तुटली हेही लिहा. नवरातिलोवा आणि पॅम श्रायव्हर यांची १०९ सामन्यांची मालिका १९८५ च्या विम्बल्डन अंतिम फेरीत कॅथी जॉर्डन आणि लिझ स्मायली यांनी तोडली, हे कळल्यावर त्या १०९ ला आकार येतो. सानिया आणि मार्टिना हिंगिस यांच्या ४१ विजयांबाबतही मालिका फेब्रुवारी २०१६ मध्ये दोहाला थांबली हे सांगायला हवं.

निवृत्तीनंतरच्या कामाला एक परिच्छेद पुरे: प्रशिक्षण, समालोचन, किंवा संघाचं कर्णधारपद, जसं बॉब ब्रायनकडे अमेरिकेच्या डेव्हिस करंडक संघाचं आलं. टेनिसच्या हॉल ऑफ फेममधला समावेश इथेच टाका, वर्षासह.

मसुदा झाला की शक्य असल्यास खेळाडूला नव्हे, त्याच्या एखाद्या जुन्या जोडीदाराला दाखवा. विचारायचं तीनच: तुम्ही कोणत्या बाजूला होता, पहिली सर्व्हिस कोण करायचं, आणि शेवटची स्पर्धा एकत्र खेळायची हे आधी ठरलं होतं का. उत्तर तक्त्याशी जुळलं नाही तर पुन्हा व्हिडिओ लावा.